मागीलप्रमाणे

बाई, तुमच्या शोकसभेला मी आलो होतो. शेवटच्या रांगेत बसलो होतो, दाराशेजारी. तुमच्या फोटोला हार घातला होता आणि उदबत्तीचा धूर बरोबर तुमच्या नाकाशी जात होता. तुम्ही असतात तर आधी खिडकी उघडायला लावली असतीत.

सगळे चांगलंच बोलले. पहिले तेरा दिवस पुण्यातसुद्धा कुणी वाईट बोलत नाही. मग तुमचे भागवत उठले. तेव्हाचे तुमचे विद्यार्थी, आता विभागाचे प्रमुख. त्यांनी तुमच्या त्या शोधाची गोष्ट सांगितली. कंपनीच्या टाकीतले जिवाणू एका दिवसात विरघळून गेले, कुणाला कारण कळेना, आणि बाईंनी ओळखलं की विषाणू बाहेरून आलेलाच नाही, जिवाणूच्या पोटातच पिढ्यान्‌पिढ्या झोपलेला होता. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाले, "आणि त्याला जागं कुणी केलं माहितीये? आमच्याकडच्या भांडी धुणाऱ्या एका महाशयांनी! काचेला आम्ल तसंच ठेवायचे. त्यांच्या आळसाचे संशोधनावर फार उपकार आहेत."

सगळे हसले. मीही हसलो असेन, शेजारचा माझ्याकडे बघत होता म्हणून.

सभा संपल्यावर त्याच भागवतांनी दारात माझा हात धरला. "साळवे, तुम्ही पण स्मरणिकेसाठी दोन पानं द्या हं. बाईंच्या आठवणी. तुमच्या भाषेत." मीच तो महाशय, हे एक तर ते विसरले होते, नाहीतर मोठ्या मनानं मला माफ करत होते. मी चौथी पास माणूस. माझी जी काही भाषा आहे तिच्यात लिहितो. छापायची तर छापा.

बाई, मी प्रयोगशाळेची भांडी धुण्याच्या खोलीत एकवीस वर्षं काढली. आमची काच कशी धुवायची हे तुम्हाला ठाऊक होतं, भागवतांना कधीच नव्हतं. आधी आम्लाच्या हौदात बुडवायची. मग नळाखाली दहा वेळा, मग डिस्टिल्ड पाण्यात तीन वेळा. मग उजेडात धरून बघायचं. पाणी चादरीसारखं सरळ खाली उतरलं तर काच स्वच्छ. एक थेंब जरी मध्ये थबकला तर भांडं परत हौदात. मी एकवीस वर्षांत थबकलेला थेंब पुढे जाऊ दिला नाही. दुसऱ्या विभागाचे लोक तुमच्याकडे जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशा उसन्या मागायचे आणि तुम्ही म्हणायचात, "माझे पेन न्या, माझी खुर्ची न्या. साळवेंनी धुतलेली काच मिळणार नाही."

हे तुमचं माझ्यावर ऋण आहे, ते मी नाकारत नाही. त्या इमारतीत मला 'अहो' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. आणि शिकवलंत. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला मला शिकवायला.

एकदा तुम्ही बशी घेऊन थेट माझ्या खोलीत आलात. बशीवर जिवाणूंची पातळ साय धरलेली आणि तिला बारीक बारीक गोल भोकं.

"अहो साळवे, हे बघा. काय दिसतंय?"

"चाळणी झालीये."

"एकेक भोक म्हणजे एकेका विषाणूचं गाव. जिवाणूला खाणारा विषाणू."

मी विचारलं, तो जिवंत असतो का. तुम्ही म्हणालात, बाहेर असतो तेव्हा नाही. खात नाही, हलत नाही, वाढत नाही. आत शिरला की जिवंत.

"म्हणजे सरकारी नोकरासारखा."

"उलट, साळवे. सरकारी नोकर आत शिरला की मरतो."

मग तुम्ही स्टुलावर बसून सगळं सांगितलंत. तो जिवाणूच्या अंगावर पायांनी बसतो. टरफल बाहेरच ठेवतो, दारात चपला काढाव्यात तसं, आणि आत फक्त एक धागा सोडतो. त्या धाग्यावर हुकूम लिहिलेले असतात. मग जिवाणूची सगळी यंत्रं घरधन्याचं काम सोडून पाहुण्याचं काम करायला लागतात. अर्ध्या तासात शंभरेक पिल्लं, आणि भिंत फोडून सगळी बाहेर. "हा झाला दरोडेखोर," तुम्ही म्हणालात. "दुसरी जात याहून वाईट. ती घरजावई." तो आत शिरतो आणि काहीच करत नाही. आपला धागा जिवाणूच्या धाग्यात शिवून टाकतो. एका जिवाणूचे दोन झाले की ह्याचेही दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. जिवाणूला पत्ताही नसतो. आणि एक आत बसला की त्याच जातीच्या दुसऱ्याला आत येऊ देत नाही.

"एका घरात दोन जावई कसे नांदतील?" मी म्हटलं.

"आणि सासऱ्याच्या घरावर संकट आलं, की हा पहिला जागा होतो. आपली पिल्लं करतो आणि जाताना घर फोडून जातो."

तुम्ही इतक्या हसलात की बशीचं झाकण हौदात पडलं. ते मी काढून दिलं. त्या दिवशी वाटलं होतं, आपण फक्त भांडी घासत नाही.

मग ते दिवस आले. सरकारनं संस्थेला सांगितलं, आता स्वतःचं स्वतः कमवा, कंपन्यांशी हातमिळवणी करा. धुण्याच्या पावडरीत घालायचं एक औषध होतं, कपड्यावरचे डाग खाणारं. ते तयार करणारा जिवाणू तुम्हाला लोणी काळभोरच्या एका उकिरड्याच्या मातीत सापडला होता. मातीच्या पिशव्या मीच वाहून आणल्या होत्या. कंपनीला ते वाण हवं होतं, पण म्हणाले, आणखी जोरदार हवं. म्हणून भागवतांनी जिवाणू जांभळ्या दिव्याखाली धरले. त्या दिव्यानं बरेच मरतात, उरतात त्यातला एखादा बदलतो, तो निवडायचा. निवडला. कंपनीला दिला. टाकी भरली. आणि तिसऱ्या दिवशी टाकीतल्या दाट ताकाचं पाणी झालं.

टाय बांधलेली तीन माणसं आली. त्यांना एकच प्रश्न होता, चूक कुणाची.

तुम्ही आठ दिवस घरी नीट जेवला नाहीत. भागवतांना सुट्टीवर पाठवलंत आणि सगळं स्वतःच्या हातानं केलंत. बशा मीच धुऊन देत होतो, मला दिसत होतं. माझ्या काचेचं शेवटचं धुवण, म्हणजे शेवटच्या खेपेचं पाणी, तुम्ही मूळ वाणात घातलंत आणि बशीवर ओतलंत. एक भोक नाही. मूळ वाण जांभळ्या दिव्याखाली धरलंत. बशीची चाळणी. घरजावई मूळ मातीपासूनच आत होता, दिव्यानं त्याला उठवलं. आणि उठलेल्यांपैकी एखाद्याला दिव्यानं असं बदललं की तो घरजावयाचा दरोडेखोर झाला, दुसरा जावई बसलेल्या घरातही घुसायला लागला. हे तुम्ही मला सांगितलंत. मला एकट्याला. खोलीचं दार लोटून घेऊन.

"भागवतनं दिव्यानंतर तपासणी केली नाही, साळवे. न तपासताच दिलं. हे कळलं तर त्याची पीएचडी गेली. त्याचे वडील नाहीत. पोरगा उभा राहणार नाही."

"मग?"

"कंपनीला सांगते, काचेला आम्ल राहिलं होतं, त्यानं झालं. तुमची नोकरी पक्की आहे. तुम्हाला एक समज मिळेल, कागदावर. थोडे दिवस. मग मी काढून टाकते."

तुम्ही कागद पुढे केलात. इंग्रजी होता. मी विचारलं, काय लिहिलंय. तुम्ही वाचून दाखवलंत: काचसामान अस्वच्छ, कामात निष्काळजी, समज देण्यात आली.

बाई, दुसरा कुठलाही शब्द लिहायचा होतात. आळशी लिहायचंत. उर्मट लिहायचंत, उर्मट तर मी आहेच, तुम्हीही खोट्या पडला नसतात. पण अस्वच्छ? तो शब्द आमच्या माणसांना कुणी किती पिढ्या चिकटवला होता हे तुम्हाला मी सांगायला हवं होतं? माझ्या बापानं दीक्षा घेतली, घरातले जुने देव नदीत सोडले, रोज इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खडकीच्या कारखान्यात गेला. तो शब्द खरवडून काढायला त्याचा अख्खा जन्म गेला. आणि मी तुमच्या शब्दाखातर खाली सही करून तो परत लावून घेतला.

का केली सही? मलाच राग येतो स्वतःचा. तुम्ही 'आपण हे निभावून नेऊ' म्हणालात. आपण. त्या एका आपणला मी भुललो. वाटलं, बाई आणि मी मिळून एक पोरगा वाचवतोय. गर्व झाला मला, दुसरं काही नाही.

पुढच्या मार्चला वार्षिक अहवाल भरले गेले. संस्थेची रीत तुम्हाला माहीत होतीच. साहेब लोक चतुर्थ श्रेणीच्या माणसाबद्दल नवीन काही लिहीत नाहीत. एकच शब्द लिहितात, मागीलप्रमाणे. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरे साहेब, परत मागीलप्रमाणे. माझा शेरा त्या एका शब्दात शिवला गेला आणि फाइलबरोबर वाढत राहिला. मागे काय लिहिलंय हे कुणी उलटून बघितलं नाही. तिसऱ्या वर्षी हेडक्लार्कनं मला फाइल दाखवली, चहा पाजल्यावर. मागीलप्रमाणे, आणि खाली सही. तुमची.

मी तसाच वर आलो. आठवतंय?

"बाई, ही सही कुणाची?"

तुम्ही चष्मा काढलात. "अहो साळवे, मार्चचा ढीग होता. कारकुनानं जिथं बोट ठेवलं तिथं केली."

"वाचलंत नाही?"

"नाही वाचलं."

"बशी असती तर वाचली असतीत. एकेक भोक मोजलं असतंत."

तुम्ही चष्मा परत लावलात. म्हणालात, येत्या मीटिंगला काढते. त्या मीटिंगला कंपनीशी नवा करार होता. पुढच्या मीटिंगला डायरेक्टर बदलले. मग परदेशातून प्लास्टिकच्या बशा यायला लागल्या. पाकिटातून काढा, वापरा, फेका. धुण्याची खोली कशाला हवी? आम्ही चौघं होतो, दोघांनाच नवीन इमारतीत घेणार होते. कुणाला घ्यायचं हे ठरवायला फाइली काढल्या, आणि चार वर्षं निपचित पडलेला तुमचा शब्द बरोबर तेव्हा जागा झाला. मला स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करायला लावली. स्वेच्छा! तुम्ही तेव्हा परदेशात परिषदेला होतात. तुमच्या घरजावयावर भाषण होतं.

तुम्ही परत आल्यावर खडकीला माझ्या घरी आलात, हेही लिहितो. नाही लिहिलं तर मी खोटा ठरेन. रिक्षातून उतरलात, पत्ता विचारत गल्लीत आलात, आमच्या खुर्चीवर बसलात.

"मी डायरेक्टरांना पत्र लिहिते, साळवे. गुपचूप. ते तुम्हाला स्टोअरमध्ये घेतील."

"गुपचूप कशाला? शेरा गुपचूप नव्हता. सगळ्या विभागाला माहितीये. आता सगळ्या विभागाला उभं करून सांगा, भागवतांसमोर, की काच स्वच्छ होती. मग पत्र लिहा."

"तसं नाही करता येणार. तो आता इथंच नोकरीला लागलाय."

"मग चहा घ्या आणि निघा."

तुम्ही चहा घेतलात. निघालात. मी रिक्षापर्यंतही आलो नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्या, ते पत्र घेतलं असतंस तर नोकरी राहिली असती. राहिली असती. पण मला स्टोअर नको होतं. मला एक वाक्य हवं होतं.

गेल्या वर्षी तुमचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "अहो साळवे, अजून राग आहे?"

"राग नाही बाई. शेरा आहे."

तुम्ही म्हणालात, बरं वाटलं की येते खडकीला. तुम्हाला बरं वाटलं नाही. मला वाटलं होतं, ह्या येतील, मी पुन्हा भांडेन, आणि तुम्ही एकदा तरी उज्ज्वलासमोर बोलाल. उज्ज्वला म्हणजे माझी मुलगी. ह्या भांडणात मला खरं तर तीच एक जिंकायची होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

शेरा मिळाला तेव्हा ती आठवीत होती. धुण्याच्या खोलीतल्या एकानं गल्लीत येऊन सांगितलं, आणि तिला शाळेच्या वाटेवर ते ऐकू आलं. तिनं मला कधी विचारलं नाही. मीही बोललो नाही, बाईंना शब्द दिलाय म्हणून. पुढे ती शिकली, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, गाडी न्यायला येते. तिला मुलगी झाली तेव्हा दूध-बाटलीचं काम मी मागून घेतलं. ब्रशनं घासायचो, वीस मिनिटं उकळायचो, उजेडात धरून बघायचो. आणि रोज, न चुकता, मी वळलो की ती बाटली परत पातेल्यात टाकायची. "राहू द्या ना बाबा, मी करते." भांडण नाही, काही नाही. नातीची बाटली सुटल्यावर माझा चहाचा कपही तसाच. मी धुतलेला ती परत धुते. अजून. एकवीस वर्षं अख्ख्या संस्थेनं ज्या हाताची काच मागितली, त्या हाताचा कप माझी मुलगी परत धुते, बाई.

तुमच्या सभेवरून आलो त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. दिवा, बशा, कागद, तुमचं ते 'आपण'. तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, बाई आता गेल्या. आता कशाला असं बोलायचं?"

तिला वाटलं, माणूस मेला हे बघून मी गोष्ट रचतोय.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत दोघंच होतो. त्यातले तुम्ही गेलात. जिवंत असताना तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत, आणि मेलात तर माझा साक्षीदार घेऊन मेलात.

रात्रभर डोक्यात एकच होतं. सभेच्या दिवशी तुमची रेवती अमेरिकेहून आलेली होती, ती माझ्याशी बोलली होती. "साळवेकाका ना? आई शेवटी शेवटी म्हणायची, साळवेंना सांगायचंय. काय सांगायचं होतं तिला?" मी म्हटलं, "काही नाही, भांड्यांचं असेल." आईच्या फोटोसमोर त्या पोरीला काय सांगू? मग ती म्हणाली, आईच्या प्रयोगाच्या वह्यांचे खोके घरात पडलेत, संस्था नको म्हणते, मी रविवारी परत जाणार, रद्दीवाल्याला शनिवारी बोलावलंय.

शनिवारी सकाळी साडेसातला मी वारज्याला तुमच्या दारात होतो. रद्दीवाल्याच्या आधी.

रेवतीनं खोके उघडून दिले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती वही मला पाठीवरून ओळखता येते. तिच्या कोपऱ्यावर माझ्या हौदातलं आम्ल उडालं होतं, पुठ्ठा खाल्ला होता, तुम्ही ओरडला होतात. खाली, चौथ्या खोक्यात सापडली. पानं उलटत गेलो. एका पानावर एकाखाली एक तीन शून्य. आकडे मला येतात. शेजारच्या ओळी येत नाहीत.

मी वही तिच्यापुढे धरली. "हे वाचा. मोठ्यानं. मराठीत सांगा."

"काका, हे आईचं कामाचं..."

"वाचा."

तिनं वाचलं. "साळवेंच्या काचेचं शेवटचं धुवण. तीन बशा. शून्य, शून्य, शून्य." थांबली. "काच पूर्ण स्वच्छ. टाकी बिघडण्याचं कारण दिव्याखालचं वाण, तपासणी झालेली नाही. भागवतला सांगायचं नाही." मग आवाज बारीक झाला. "उद्या साळवेंशी बोलायचं."

खाली तारीख. माझ्या समजेच्या कागदाच्या आदल्या दिवसाची.

"बोलली का आई तुमच्याशी?"

"बोलल्या. म्हणून तर सही केली."

ती खोक्यावरच बसली. सभेतलं भागवतांचं वाक्य तिला आठवलं असणार, चेहरा तसा झाला. "मी हसले होते हो काका," म्हणाली. "मी भागवतांना फोन लावू? आत्ता लावते."

"तुम्ही काही करू नका. वही द्या."

"ते पान झेरॉक्स करून..."

"पान नको. अख्खी वही. फाडलेल्या पानाला कुणी विचारत नाही."

तिनं दिली. कापडी पिशवीत घालून दिली आणि खाली रस्त्यापर्यंत आली. तुमच्या मुलीला तुमच्याविषयी हे माझ्यामुळे कळलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण सांगायला हवं होतं तुम्ही, बाई. बशीशी तुम्ही एक अक्षर खोटं बोलला नाहीत. माणसाशी बोललात, तेही माझ्या सहीनं.

आज शनिवारच आहे. वही समोर आहे. उज्ज्वलाला आज कामावर बोलावलंय, सातला गाडी सोडते. मला येत नाही ते इंग्रजी ती एका नजरेत वाचेल. मी वही ते पान उघडून टेबलावर ठेवणार आहे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसणार आहे. ती वाचत असताना आत थांबायचं माझ्यात बळ नाही.